तिसऱ्या खुर्चीचा खर्च

तो दारातून आत आला आणि सलूनवाल्या काकांनी त्याला काही विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्या खुर्चीत बसवलं, गालांना साबण फासला आणि मला हाक मारली, "ताई, गिऱ्हाईक!"

मी नर्स. आठवड्यातले चार दिवस या सलूनमध्ये रक्तदाब मोजते. पुरुषांना दवाखान्यात बोलावलं की त्यांना हजार कामं आठवतात. दाढीला मात्र न बोलावता येतात. आणि गालाला साबण लागला की पाच मिनिटं गप्प बसतात. मला तेवढंच हवं असतं.

त्याच्या दंडाला मी पट्टा बांधला. तो नुसताच "अं... अं..." करत होता.

"बोलू नका हो, आकडा वाढतो!" मी दटावलं.

तोंड पुसल्यावर त्याने ओळखपत्र काढलं. आमचा कार्यक्रम परवडतो की नाही, हे ठरवायला आलेला माणूस! त्याने 'नाही' म्हटलं, तर महिनाअखेर सगळं गुंडाळणार. माझी नोकरी जाणार, आणि इथे मोजून गोळ्या सुरू झालेले दोनशे बारा जण वाऱ्यावर.

"एकशे अठरा, शहात्तर," मी कसंबसं म्हटलं. "उत्तम आहे."

"तुम्ही ओरडूनसुद्धा?" तो हसला. हसला की डाव्या गालाला... जाऊ दे. खळी पडते. सांगून टाकलेलं बरं.

तीन आठवडे तो कोपऱ्यात वही घेऊन बसला. यंत्र, पट्टे, माझा पगार, सगळं लिहायचा. खुर्चीसुद्धा!

"ती काका फुकट देतात," मी म्हटलं.

"फुकट काही नसतं. तुमच्या पाच मिनिटांत त्यांची अर्धी दाढी बुडते."

"अर्धी दाढी कोण करून घेतं रे बाबा?" काका आरशातून म्हणाले.

"आणि मी गिऱ्हाइकांशी बोलते तो वेळ?"

"माणशी चार मिनिटं."

"तुमच्याशी बोलते तो?"

त्याचं पेन थांबलं. "तो... कुठे लिहायचा, तेच कळत नाहीये."

मी पट्टा गुंडाळायला घेतला. तो आधीच गुंडाळलेला होता. उकडायला लागलं की हा गुपचूप टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे फिरवायचा, आणि मी न बघितल्यासारखं करायचे.

शनिवारी त्याची साहेबीण आली. तो तिच्यामागे, कान लालेलाल.

"याचा अहवाल तुमच्या बाजूने आहे," ती मला म्हणाली. "माणशी खर्च दवाखान्याच्या निम्माही नाही. पण सोबत यानेच लिहून दिलंय, की तुम्ही याला आवडता. आता तुम्ही लिहून द्या. तुमच्या मनात काही नसेल, तर मी आकडे तपासून पास करते. असेल, तर ते बाद. मी पहिल्यापासून मोजणार. गेल्या वर्षी पाचातले तीन कार्यक्रम मी बंद केलेत."

मी त्याच्याकडे वळले. "अहो, मला आधी सांगायचं तरी!"

"कसं सांगणार? तुमची नोकरी माझ्या हातात होती." त्याने मान खाली घातली. "तुम्ही 'नाही' लिहा. खरंच. माझं मी बघेन."

मी पेन हातात घेतलं. दोनशे बारा माणसं... एका शब्दाने सुटली असती. पण त्यातलेच कितीजण रोज म्हणतात, "ताई, थोडा कमी लिहा ना," आणि मी एकदाही लिहिलेला नाही. मग माझाच आकडा कमी कसा लिहू? आवडत होता मला तो. भयंकर आवडत होता.

मी 'हो' लिहिलं.

काकांचा वस्तरा हवेतच राहिला. साहेबिणीने शांतपणे नवी वही उघडली.

"तुम्ही आता इथे पाऊल टाकायचं नाही," ती त्याला म्हणाली. "तीन आठवडे."

"मग दाढी?" काकांना राहवलं नाही.

"वाढवतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. "चालेल ना... तुम्हाला?"

"चालेल," मी म्हटलं. "पण काढायची इथेच. दुकानात मी असले तरी, आणि नसले तरीही."