हंसांचा वाडा

गोकुळने पत्र्याचा डबा बडवायला काठी उचलली आणि कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नका," एक मुलगी हळूच म्हणाली. "वाडा उतरतोय."

ही कऱ्हाटीची योगिनी, थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी वरकुट्याला आलेली. आणि वाडा म्हणजे ते हंस – त्र्याण्णवच्या हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, गोकुळचा हरभरा फस्त करणारे. त्याने वर पाहिलं. धुक्यातून रांगेमागून रांग येत होती. पुढचा दमला की मागे सरायचा, दुसरा आपसूक पुढे व्हायचा. दहा वर्षं गोकुळने त्यांना नुसतं हाकललं होतं, नीट पाहिलं कधीच नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला.

"आमाला शाळंत ह्याला थवा म्हनायला शिकवलं हुतं," मनगट सोडवून न घेता तो म्हणाला.

तिनेच लाजून हात काढला. मग सांगू लागली – आजोबांची मेंढरं दिवाळी झाली की कोकणात निघायची. मेंढरं, घोडं, कुत्री, बायका, झोळीतली पोरं... सगळ्यांचा मिळून एक वाडा. त्याच दिवसांत वरून हे हंस जायचे. आजोबा पागोटं सावरून म्हणायचे, तो बघा, वरचा वाडा चालला. तेव्हापासून त्यांच्या घरात हंसांना हाच शब्द पडला होता.

"थवा कुठंबी फुटतो," योगिनी म्हणाली. "वाडा मागं पडलेल्यासाठी थांबतो."

मेंढरं विकून चार वर्षं झाली, हेही तिने सांगितलं. आता तो शब्द घरात कुणी काढत नसे, आणि तिने तो एका परक्या माणसाजवळ काढला होता. गोकुळला त्याचंच फार अप्रूप वाटलं.

त्या दिवसापासून डबा घरीच राहू लागला. हरभरा काय पाखरांसाठी पेरलाय का, म्हणून त्याची आई सिंधुबाई करवादायची. तो हसून वेळ मारून न्यायचा आणि सकाळी बांधावर हजर. योगिनीही बाळाचं धुणं घेऊन नेमकी तेव्हाच काठावर यायची – अगदी सहज... रोज.

बाराव्या दिवशी मात्र तिने आल्या आल्याच सांगितलं. रविवारी तिला पाहायला इंदापूरची मंडळी येणार होती. उद्याच्या एसटीने ती कऱ्हाटीला निघणार होती.

तेवढ्यात हंस उठले. सगळं आभाळ त्यांच्या आवाजाने भरून गेलं. दोघंही मान वर करून बघत राहिले, आणि त्या आवाजातच गोकुळला धीर आला.

"योगिनी... तुमी मला लई आवडता. रविवारी आईला घिऊन यिऊ का?"

"आमी धनगर, तुमी माळी. घरात चालंल?"

"भांडण हुईल. मी भांडीन."

तिने पिळलेलं धुणं पुन्हा पिळलं. मग वर पाहिलं, तर डोळे भरून आले होते.

"रविवारी नगा," ती म्हणाली. "शनिवारीच या."