वीज कडाडली की मॅडम कुठे जातात

मोठ्यांच्या बॅचचा तो पहिलाच दिवस होता आणि आभाळ पहाटेपासून तोंड फुगवून बसलं होतं.

पोहायला शिकायला आलेली मोठी माणसं लहान मुलांहून अवघड असतात, हे तलावावर शिकवणाऱ्या शिट्टीला पुरतं ठाऊक होतं. लहान मुलं रडतात आणि शिकतात. मोठी माणसं रडत नाहीत, कारणं सांगतात. एकाचा खांदा दुखत होता. एकीने आदल्या दिवशीच केस धुतले होते. आणि कोपऱ्यातला तो उंच माणूस छातीभर पाण्यात असा ताठ उभा होता, की कुणी त्याला तिथे पुरून ठेवलंय असं वाटावं!

शिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गळ्यात कायम शिट्टी, आणि ती वाजली की पोरंच काय, त्यांचे आईबापसुद्धा सरळ उभे राहायचे. म्हणून तलावावरच्या मुलांनी ठेवलेलं ते नाव हळूहळू सगळ्यांनीच उचललं. घरच्यांनीसुद्धा.

लांब कुठेतरी आभाळ गुरगुरलं, तशी तिची शिट्टी वाजली.

"सगळे बाहेर! वीज आहे. पाण्यात कुणीही थांबायचं नाही. शेडखाली चला, लवकर!"

आवाज असा खणखणीत, की खांदा दुखणारेसुद्धा टुणकन वर आले. सगळे शेडखाली पोचल्याचं तिने पाहिलं आणि मग ती सामानाच्या खोलीकडे निघाली. चालत गेली हं, पळत नाही. आत शिरली, दार लोटलं, फोमच्या फळ्यांच्या दोन ढिगांमध्ये बसली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

आणि दार उघडलं.

"ही... ही फळी परत द्यायची होती," कोपऱ्यातला तो उंच माणूस म्हणाला.

"ठेवा तिथे," टॉवेल म्हणाला.

दुसरा कुणी असता तर हसला असता. तो नुसता क्षणभर बघत राहिला. मग अगदी अदबीने त्याने विचारलं, "मॅडम, कानात पाणी गेलंय का?"

"हो."

कडाड्‌! पत्र्यावरून वीज घरंगळत गेल्यासारखा आवाज झाला आणि टॉवेलच्या आतून मांजरीच्या पिल्लाने काढावा तसा एक बारीकसा सूर आला.

"बरंच गेलंय," तो म्हणाला.

तो गेला नाही. फळी ढिगावर ठेवून तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसला. बाहेर पाऊस कोसळू लागला होता. "मी दारात बसतो," तो म्हणाला. "कुणी आलंच, तर मॅडम फळ्या मोजतायत म्हणून सांगेन."

टॉवेल जरासा बाजूला झाला. पाठ रुंद होती, ओली होती, आणि... थरथरत होती.

"तुम्हीसुद्धा विजेला घाबरता?"

"छे. वीज काय, लांबून ओरडते. मी पाण्याला घाबरतो. मघाशी पाय टेकलेले होते, तरी वाटत होतं, गेलो."

"मग आलात कशाला शिकायला?"

"बस चालवतो मी. घाटातली. धरणाच्या काठाकाठाने रस्ता जातो, बाजूला कठडा आहे पण आपला नावापुरता. रोज त्या वळणावर वाटतं, कधी काही झालंच आणि गाडी पाण्यात गेली, तर मागच्या लोकांना बाहेर कोण काढणार? ड्रायव्हरच पहिला बुडायचा!"

शिट्टीने कानातली बोटं काढली. इतकं सरळ, इतकं विनातक्रार कुणी आपली भीती सांगताना तिने कधी ऐकलं नव्हतं. ती स्वतः तर अठ्ठाविसाव्या वर्षीसुद्धा लपवत होती.

"आणि तुमची ही... वीज?" त्याने मागे न बघता विचारलं. "लहानपणी काही झालं होतं?"

"काही नाही झालं. काहीच कारण नाही. म्हणून तर लाज वाटते."

"बरंच आहे की. कारण असतं, तर लोकांनी एव्हाना तुम्हाला समजावून समजावून जीव नको केला असता."

ती हसली. वीज कडकडत असताना, सामानाच्या खोलीत, क्लोरीनच्या वासात ती हसली... आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या दिवसापासून बॅच संपली, की तिकीट खिडकीशेजारच्या बाकावर चहा होऊ लागला. तिघांचा. तिसरी म्हणजे खिडकीत बसून तिकिटं देणारी तिची मैत्रीण. तिला सगळे खिडकी म्हणायचे. दोन पोरांची आई, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. ड्रायव्हर बॅचनंतर ड्युटीवर जायचा, तोवर थोडा वेळ असायचा, आणि त्या वेळात तो घाटातल्या गोष्टी सांगायचा. धुक्यात एकदा पुढच्या टेम्पोच्या लाल दिव्यामागे मुकाट्याने जात राहिला, तर टेम्पोवाला स्वतःच्या घराच्या अंगणात शिरला आणि मागोमाग बससुद्धा! गारांच्या वादळात एका आजीबाईंनी पुढे येऊन त्याला दटावलं होतं, "अरे, तो काचेवरचा दांडा कुईकुई करतोय, बंद कर, झोप लागत नाहीये मला."

"आणि तुम्ही केलात?" शिट्टीने विचारलं.

"केला. समोरचं काही दिसेना. मग गाडीच थांबवली. आजी झोपल्या, गारा थांबल्या, मग निघालो."

"खोटं!"

"मॅडम, आजींची शपथ."

मग भीतीच्या गप्पा निघायच्या. खिडकीला पाकोळीची भीती. झुरळ हाताने उचलेल, पण पाकोळी घरात शिरली की नवऱ्याला ऑफिसातून बोलवेल. ड्रायव्हरला आईचा अवेळी आलेला फोन. "उचलेपर्यंत जीव घशात येतो. आणि ती विचारणार काय, तर साखरेचा डबा कुठे ठेवलास!" शिट्टीला विजेखेरीज लिफ्ट, बंद दाराआडून भुंकणारा कुत्रा, आणि दंतवैद्य 'दुखणार नाही' म्हणतो तो क्षण.

"एवढी मोठी शिट्टी गळ्यात आणि आत नुसता भुसा!" खिडकी म्हणायची.

"भुसा काय वाईट?" ड्रायव्हर म्हणायचा. "काचेचं सामान भुशातच ठेवतात."

हे तो कपात बघत म्हणायचा. आणि शिट्टी उगाच उठून, पाण्यात कुणी नसलं तरी, तलावाकडे बघून यायची.

शिकण्यात मात्र तो दगड होता. फुगे सोडायला सांगितले, तर नाक चिमटीत धरायचा. पाय मारायला सांगितले, की कठड्याला अशी मिठी मारायचा, की बाकीच्यांवर हसून हसून बुडायची वेळ यायची. शेवटी एका सकाळी, सगळे निघून गेल्यावर, तिने त्याला थांबवून घेतलं.

"आज पोहायचं नाही. काहीच करायचं नाही. नुसतं पडायचं पाण्यावर. पाठीखाली माझा हात आहे."

"काढणार नाही ना?"

"विचारल्याशिवाय नाही."

तो पाण्यावर आडवा झाला. डोळे गच्च मिटलेले, मुठी आवळलेल्या. तिच्या तळव्याला त्याच्या पाठीतून छातीचे ठोके जाणवत होते, धाड धाड धाड... पाणी स्थिर होतं, वर एक पांढरा ढग आळसावून पडला होता.

"आजींची गोष्ट सांगा," ती हळूच म्हणाली.

"कोण... आजी?"

"झोप लागत नव्हती त्या."

तो सांगू लागला. अडखळत, मग जरा सुरळीत. गारांपाशी येईतो मुठी सैल झाल्या. आजी झोपेपर्यंत ठोके संथ झाले.

"काढू का हात?" तिने विचारलं.

त्याने डोळे उघडले. इतक्या जवळून तिने ते कधी पाहिले नव्हते. "काढा," तो म्हणाला. "पण... लांब जाऊ नका."

तिने हात काढला. तो तरंगत राहिला. शिकवायला लागल्यापासून तिने शेकडो जणांना तरंगवलं होतं. आज पहिल्यांदाच तिचे स्वतःचे पाय तळाला आहेत की नाहीत, ते तिला कळेना.

बाकावर खिडकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहात न मागता जास्त साखर घातली. "काय गं," तो गेल्यावर ती म्हणाली, "तो तुला मॅडम म्हणतो, तू त्याला ड्रायव्हरसाहेब. असंच चालू राहिलं, तर बारशालासुद्धा एकमेकांना अहो-जाहो करत बसाल."

"गप गं!" शिट्टी म्हणाली. पण दिवसभर तिला शिट्टी फुंकायला श्वास पुरला नाही.

पुढच्या आठवड्यात, एका दुपारी, मुलांची बॅच सुरू व्हायच्या आतच आभाळ काळंठिक्कर पडलं. वारा असा सुटला, की कपडे बदलायच्या खोल्यांची दारं आपोआप आपटू लागली. बॅच रद्द झाली, मुलं आईबापांबरोबर घरी गेली, आणि शिट्टी नेहमीच्या जागी फळ्यांमध्ये जाऊन बसली. टॉवेल डोक्यावर घेणार, तेवढ्यात खिडकी दारात आली. तिचा चेहरा पाहूनच शिट्टी उभी राहिली.

"घाटात दरड आलीय म्हणे," खिडकी म्हणाली. "धरणाजवळच्या वळणावर. आत्ता बाहेर लोक बोलत होते."

"त्यांची गाडी...?"

"याच वेळेला उतरते ना."

शिट्टीने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नुसती शांतता. तिने टॉवेल फळ्यांवर टाकला आणि बाहेर पडली.

"अगं, कुठे? छत्री तरी घे! शिट्टे, वीज आहे बाहेर!"

होती. चांगलीच होती. पहिला लखलखाट झाला, तेव्हा ती फाटकाशी होती आणि पाय जागच्या जागी रुतले. दुसऱ्याला ती एका बंद दुकानाच्या पायरीवर खाली बसली, कान झाकून, आणि खरंच रडली. मग उठली. भीती कमी झाली म्हणून नव्हे, तर बसून राहिलं की ते वळण डोळ्यांसमोर येत होतं, नावापुरता कठडा, आणि खाली ते गढूळ पाणी. चालताना निदान रस्ता दिसत होता. मोठा आवाज झाला की ती "अगं आई गं!" म्हणून ओरडायची आणि पुढे जायची. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतंच.

डेपोत पोचली, तेव्हा तिच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. कंट्रोलरच्या खोलीत एक टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस रजिस्टरमध्ये डोकं घालून बसला होता.

"घाटातली गाडी... धरणाच्या वाटेची... आली का?"

"आली की," मान वर न करता तो म्हणाला. "मघाशीच."

शिट्टीने भिंतीचा आधार घेतला.

"माती घसरताना दिसली म्हणे त्याला. गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं, चालत पलीकडे नेलं आणि मग रिकामी गाडी एकट्याने काढली शहाण्याने. तो बाहेर पडला आणि मागे दरड आली. आता यावर मी काय लिहू? आणि इथे आला, तर सहीसुद्धा केली नाही! गाडी लावली आणि पळत सुटला."

"पळत? कुठे?"

"तलावावर म्हणाला. वीज कडाडतेय, वीज कडाडतेय, एवढंच चाललं होतं त्याचं." आता त्याने चष्मा नाकावर घेतला आणि ओल्याचिंब शिट्टीकडे नीट पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. "तुम्ही होय."

ती वळली, तसा तो ओरडला, "अहो, बसा! दोघंही पळत राहिलात, तर रात्रभर गावाला फेऱ्या घालाल. एकाने तरी जागेवर थांबा."

ती बाकावर बसली. हसू येत होतं की रडू, काही कळत नव्हतं. दोन्ही एकदमच आलं. आपण त्याच्यासाठी इकडे, तो आपल्यासाठी तिकडे... आणि मधल्या कुठल्याशा गल्लीत, त्याच पावसात, दोघं एकमेकांना न दिसता पुढे गेलो असणार.

दार धाडकन उघडलं. त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता, एका पायात चप्पल नव्हती. तिला पाहिलं आणि तो चौकटीतच थांबला.

"कुठे गेली होतीस तू?" तो जवळजवळ ओरडलाच. "त्या खोलीत नाहीस, शेडखाली नाहीस, नुसता टॉवेल पडलेला! ती खिडकी सांगते, विजेत निघून गेली, डेपोकडेच गेली असणार. तुला काही अक्कल? रस्त्यात कुठे कोसळली असतीस, तर मी... मी..."

"आणि तुम्हाला आहे अक्कल?" तीही उठली. "रिकामी गाडी एकट्याने काढायची? त्या वळणावरून? पोहता येत नाही अजून!"

"तरंगता येतं."

"बसमध्ये बसून?"

पाणी त्याच्या केसांतून नाकावर ठिबकत होतं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी. मी मघाशी... तू म्हणालो."

"मग?"

"घाईत निघालं तोंडातून."

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"ते... घाईत निघालं ते. आता सावकाश म्हणा."

तो दोन पावलं पुढे आला. "तू," तो म्हणाला. इतक्या हळू, की पावसात ऐकू आलं नसतं. पण तिला आलं. "गाडी काढली ना, तेव्हा धरणाची भीती वाटलीच नाही. वाटत होतं, आता तिकडे वीज कडाडत असेल आणि दारात कुणी बसलेलं नसेल. मला... मला रोज बसायचंय तुझ्या दारात. म्हणजे, दारातच असं नाही. आतसुद्धा चालेल. तू म्हणशील तिथे."

"घरी आई-बाबांना काय सांगू? ड्रायव्हरसाहेब आत बसायला येतायत?"

"लग्न करायचंय म्हणून सांग."

"तूच ये आणि सांग," ती म्हणाली. आणि 'तू' म्हणून झाल्यावर ओठ चावून खिडकीबाहेर बघायला लागली.

तेवढ्यात वर असा काही कडकडाट झाला, की टेबलावरचा कप बशीत हलला. शिट्टी किंचाळली आणि तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला. भीती होती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. तो तिच्या आणखी जवळ सरकला.

"चला," कंट्रोलर खाकरला आणि त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. "आता सही तेवढी करा साहेब."

ड्रायव्हरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ती तो सोडायला तयार नव्हती. मग त्याने पेन डाव्या हातात घेतलं आणि जमेल तशी, वेडीवाकडी सही केली.