सांडणी जिथं रडेल

गवताला पहिले कोंब फुटले की उंटांची लोकर आपसूक सुटते. ओढली की मूठभर हातात येते. एबेगे सकाळपासून तेच करत बसली होती. लोकर ओढायची, पोत्यात कोंबायची, पुन्हा ओढायची. सांडणी निमूट उभी होती आणि तिच्या पोटाखाली एक पिल्लू शेपूट नाचवत लुचत होतं.

टेकडीवरून खातूनचा, म्हणजे खानाच्या राणीचा, पहारेकरी जिरगाल घोडा पळवत आला आणि पिल्लाकडं बघून थबकला.

"हे कुणाचं गं?"

"आई मेलेलं आहे. हिला लावलं."

"लावलं म्हणजे?"

"लावलं म्हणजे लावलं. हिवाळा सरताना रोज शेजारी बसून गाणं म्हटलं, तेव्हा कुठं हिनं जवळ घेतलं. तुझ्या आईला तुझ्यासाठी किती गावं लागलं, ते विचार घरी जाऊन."

जिरगाल हसला नाही. "उद्या खातून निघणार आहे. थोरल्या धन्याला जेवू घालायला. सांडणी घेऊन तू पुढं चालायचंस."

एबेगेच्या मुठीतली लोकर वाऱ्यानं नेली, तरी मूठ तशीच राहिली.

मेलेल्या खानाचं नाव घेत नाहीत, म्हणून सगळे त्याला थोरला धनी म्हणत. त्यानं एवढ्या मुलखावर राज्य केलं, पण एक ऋतू काही स्वस्थ बसून काढला नाही. जन्मला तोच चालत्या बैलगाडीत. तरणाताठा झाल्यावर सरदारांनी त्याला लोकर थापून केलेल्या पांढऱ्या नमद्यावर बसवून वर उचललं आणि खान केलं. खान झाल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर सख्ख्या भावाला नमद्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं. खानदानाचं रक्त मातीवर सांडू नये म्हणून नमदा. केवढी ती माया. त्या दिवसापासून कुठं जरा मुक्काम लांबला की धन्याला जमिनीखालून टापा ऐकू यायच्या. "उठवा तंबू," म्हणायचा. अर्धं शिजलेलं मटण विस्तवावरून उतरायचं, बाळंतिणी गाडीत चढायच्या. शहरं जिंकली तीही त्याच पायी. लोक म्हणायचे, केवढा पराक्रमी. पळणाऱ्या माणसाच्या वाटेत आलं ते तुडवलं गेलं, एवढंच.

गेल्या शरदात तो मेला. कुठं पुरला ते कुणाला माहीत नाही. खड्डा खणणाऱ्यांना मारून तिथंच गाडलं, त्यांना मारणाऱ्यांनाही मारलं. खणणाऱ्यांत एबेगेचा नवरा होता. वरून घोडे पळवून माती सपाट केली. खूण ठेवली ती एकच. या सांडणीच्या डोळ्यांदेखत तिचं पिल्लू त्या मातीवर कापलं. पिल्लू कापलेली जागा सांडणी जन्मात विसरत नाही. पुढं गवत फुटलं की तिला मोकळं सोडायचं. जिथं थांबून ती रडेल, तिथं खान.

सांडणी तेवढी एकटी परत आली होती. हिवाळाभर ती रडायची, डोळ्यांतून पाणी गालावर येऊन गोठायचं. एबेगेचं स्वतःचं रडणं अजून सरलं नव्हतं, त्यात हिचं. ऐकवेना, म्हणून तिनं ते पोरकं पिल्लू आणलं आणि गाणं म्हटलं. जुनं गाणं, आयांना निवांत करणारं. सांडणी निवांत झाली. तिचं दुःख गेलं, आणि दुःखाबरोबर खूणही गेली, हे एबेगेच्या आत्ता लक्षात येत होतं.

सासू नोमुलून शेकोटीत गोवऱ्या सारत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही रडली तर तुझं मुंडकं जाईल. माझंही. माझ्या मुंडक्याची मला हौस नाही, पण तुझं अजून कामाचं आहे."

"काय करू, आत्याबाई?"

म्हातारीनं नमदा शिवायचं दाभण तिच्या बाहीत खोचलं. "खातूनला रडणं पाहिजे. सांडणी काय सांगणार आहे, मी कशानं रडले ते?"

"पण खरी जागा राहील… तिथं तुमचा मुलगा आहे."

म्हातारीनं विस्तवात आणखी एक गोवरी सारली. "तो नाही जेवण मागायचा. गरीब होता." मग हळूच म्हणाली, "धनी मागेल."

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. वारा असा होता की बोललेला शब्द तोंडात परत यायचा. पिल्लू घरी बांधलं होतं, म्हणून सांडणी सारखी मागं मान वळवायची. मध्येच गवत खायची. गाडीत खातून बसली होती, शेजारी तिचा मुलगा. बापाला जेवण पोचल्याशिवाय मुलाला नमद्यावर बसवता येत नव्हतं, आणि चुलते आपापल्या छावण्यांत दात कोरत वाट बघत होते. खातून खाली उतरून एबेगेशेजारी चालू लागली.

"हिला ओळख पटत नाही का गं?"

"पटेल, बाईसाहेब."

"पटू दे. नाही पटली तर…" खातूननं पुढं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

सूर्य कलला. सगळीकडं सारखंच गवत, सारखाच उतार. एका ठिकाणी एबेगेनं सांडणीच्या मांडीशी हात नेला आणि दाभण खुपसलं. सांडणीनं अशी किंकाळी फोडली की घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खातून मातीवर आडवी पडून रडायला लागली. एबेगेही रडली. तिचं मात्र खरं होतं.

विस्तव पेटला. मटण, चरबी, दही, सगळं त्यात गेलं. खातूननं घोडीचं आंबवलेलं दूध मातीवर ओतलं. दूध मुरलं नाही. ताटात असावं तसं मातीवर उभं राहिलं, आणि त्यात आभाळ दिसत होतं.

"जमीन गोठलेली असेल अजून," जिरगाल म्हणाला. दोन्ही बाजूंना कोवळं गवत डोलत होतं.

मग मुलाला पांढऱ्या नमद्यावर बसवून चौघांनी उचललं.

"पाय हलवू नकोस," खातून दबक्या आवाजात म्हणाली.

"मी नाही हलवत, आई." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "हे… खालून…"

"गप्प बस."

एबेगे रात्री चांदण्यात घरी पोचली. भुकेलं पिल्लू दोरी ताणून ओरडत होतं. सांडणीनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ तंबूच्या दाराशी आली, उंबऱ्याचा वास घेतला, पुढचे गुडघे टेकले आणि रडू लागली. आवाज न करता. पाणी नुसतं गळत होतं.

एबेगेनं तिची मांडी पाहिली. दाभणाच्या जखमेवर खपली धरली होती. मग ती जमिनीवर पालथी झाली आणि उंबऱ्याजवळ कान लावला.

"काय ऐकतेस?" नोमुलून आतून म्हणाली.

"काही नाही."

"टापा कुणीकडून येताहेत?"

"आत्याबाई, तुम्हाला पण…"

"कुणीकडून?"

"खालून."

म्हातारी उठली आणि तंबूच्या काठ्या सोडू लागली. "उठव तंबू."

दोघी नदीपलीकडं गेल्या. सांडणी तिथंही उंबऱ्याशी बसून रडली. मग टेकडीमागं गेल्या. तिथंही. गवत होतं, पाणी होतं, तरी दोन बायका सारख्या बिऱ्हाड हलवताहेत, हे आसपासच्या छावण्यांच्या नजरेत यायला लागलं. सांडणी घरच्या दारात रडते हे खातूनच्या कानावर गेलं असतं, तर पुढं काय, ते दोघींना कळत होतं. म्हणून जिरगालचा घोडा दिसला तेव्हा एबेगेनं सांडणीच्या तोंडावर पोतं टाकलं. पोतं भिजत गेलं.

जिरगालनं ते पाहिलं. घोड्यावरून उतरला नाही. आठवडाभर झोपला नसावा असा चेहरा होता.

"गवत कमी पडतं का इथं?" त्यानं विचारलं.

"पडतं."

"खोटं बोल, पण नीट तरी बोल." आवाज खाली गेला. "मी काही बघितलं नाही. खातूनला तुमची आठवण काढायला वेळ नाही. नवा धनी निजत नाही. जेवताना वाडगा टाकून उठतो… म्हणतो, तंबू उठवा. अगदी त्याच आवाजात."

त्यानं घोडा वळवला. एबेगे त्याच्या धुळीकडं बघत राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "थोरला धनी तिकडं नव्या धन्याच्या पायाखाली असेल, तर… आपल्या दाराशी कोण आहे?"

नोमुलूननं सांडणीच्या तोंडावरचं ओलं पोतं काढून पिळलं. पहिल्यांदाच तिनं "उठव" म्हटलं नाही. एबेगेनंच सामान लादलं.

नवी जागा मोकळ्या माळावर होती. आसपास चूल नाही, घोडा नाही, माणूस नाही. दोघींनी ओझं उतरवलं आणि तिथंच थांबल्या. गुडघाभर गवतात एक गोल होता. त्यातलं गवत मुळापासून तुडवलेलं, ताजं, अजून ओला वास येणारं. बरोबर त्यांच्या तंबूएवढा. दाराच्या जागी, दक्षिणेला, थोडी वाट सोडलेली.

"इथं कुणी उतरलं होतं का?" एबेगेनं विचारलं.

"इथंच लाव," म्हातारी म्हणाली. "जागा केलेली आहे."

तंबू उभा राहिला. सांडणी आली, गुडघे टेकले, रडली. नोमुलूननं घागरीत तिचं दूध काढलं, वाडगा भरला आणि उंबऱ्याबाहेरच्या मातीवर ओतला. "घे, बाळा," म्हणाली.

थेंबही वर राहिला नाही. तहानेल्या माणसाच्या गळ्यातून येतो तसा एक घोट वाजला.

म्हातारीच्या तोंडावर किती दिवसांनी काहीतरी मऊ आलं. ती वाडगा पुसायला वळणार, तेवढ्यात एबेगेनं तिचं मनगट धरलं. ओल्या मातीच्या शेजारी, हातभर अंतरावर, कोरडी माती तोंड उघडावं तशी तडकत होती. तिच्यापलीकडं आणखी एक. मग गवतात, तंबूला वळसा घालून, आणखी…

खड्डा खणायला गेलेला तिचा नवरा एकटा नव्हता. एबेगेनं घागरीत पाहिलं. सांडणी एकच होती, आणि तळाशी जेमतेम वाडगाभर दूध होतं.