पहाटबॅचचं लाल टिंब

"माझ्या आईनं त्या दाराला कुलूप लावलं नाही. एवढं सिद्ध करून द्या, दुसरं काही नको," तनुजा म्हणाली.

नांदेडला वजिराबादेत गोदावरी मुखेडकरचं दीड खोलीचं ऑफिस होतं. गोदावरी खासगी तपास करायची. रामलिंग तिची गाडी चालवायचा आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढायचा. आताही त्यानं तो काढलाच होता. वॉर्डन म्हटल्यावर कुलूप तिनंच लावलं असणार, दुसरं कोण लावतंय?

हकिकत अशी. तनुजाची आई गौरम्मा मूळची उदगीरकडची, आता लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींच्या होस्टेलवर वॉर्डन. होस्टेल यज्ञेश सरांचं, क्लासही त्यांचाच. सोमवारी सकाळी जमीन हादरली. लातुरात जमीन हलली की माणूस आधी पळतो आणि विचार मागाहून करतो. त्र्याण्णव सालच्या भूकंपानं ते सगळ्यांना शिकवून ठेवलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मुली जिन्याकडे पळाल्या, तर जिन्याच्या तोंडाशी सरकत्या जाळीच्या चॅनेल गेटला बाहेरून कुलूप. घाबरून अर्धापूरच्या इरानं गॅलरीतून उडी टाकली. पोरगी वाचली, पण कंबरेखालचं काही तिला जाणवत नव्हतं. आणि गौरम्मा कोठडीत होती.

रामलिंग किल्लारीकडचा. त्याच्या घराला त्र्याण्णवपासून रात्री आतून कडी लागलेली नव्हती. कोंडलेल्या पोरींचं ऐकून त्यानं हातातला चहा खाली ठेवला. कुणी का लावलेलं असेना, ते कुलूप लावणाऱ्याचं तोंड बघायची त्याला इच्छा नव्हती.

लातुरात ते आधी गौरम्माला भेटले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मागं एकदा हादरा बसला तेव्हापासून आपण गेटला कुलूप लावणं सोडलं, असं तिनं सांगितलं. सरांना ते पसंत नव्हतं, पण तिनं ऐकलं नाही. सोमवारी ती खाली दूध आणायला गेली, तेव्हा गेट उघडं होतं आणि कुलूप नुसतंच लटकत होतं.

"मग चावी कुठं होती?" गोदावरीनं विचारलं.

"माझ्या खोलीत, खिळ्याला. अय्यो, उघड्या दाराला चावी कशाला लागती बाई?"

यज्ञेश सरांचं ऑफिस थंडगार होतं. भिंतीभर परीक्षेत निवड झालेल्या मुलांचे फोटो आणि मधोमध इराचा, 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' असं लिहिलेला. सर बोलायला गोड. रामलिंगचा भाचा त्यांच्या अॅपवर शिकत होता, त्यामुळे गडी हरखूनच गेला. चहा यायच्या आत त्यानं सरांबरोबर सेल्फी काढून घेतला. गोदावरी खिडकीबाहेर बघत राहिली.

सरांचं म्हणणं सरळ होतं. गेटच्या चाव्या दोन. एक त्यांच्या खिशात, दुसरी गौरम्माकडे. सोमवारी सकाळी ते औसा रोडवरच्या स्टुडिओत पहाटबॅच लाइव्ह घेत होते. हजारो मुलांनी बघितलं. हादरा बसला तरी त्यांनी शिकवणं थांबवलं नाही, आणि या गोष्टीचं पेपरात कौतुकही छापून आलं होतं. त्यांनी तो व्हिडिओ लावून दाखवला. फळ्यासमोर सर, टेबलावर काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास, आणि कोपऱ्यात लाइव्हचं लाल टिंब.

रामलिंग थक्क झाला. "सर, ग्लासातलं पाणीबी हललं न्हाई की तुमच्या!"

"एकाग्रता," सर म्हणाले.

गोदावरीनं विचारलं, यात हादरा नेमका कुठं आला?

"ते सांगता येत नाही हो. मुलं मध्येच थांबवतात, मागं नेऊन पुन्हा बघतात. लाइव्ह असलं तरी प्रत्येकाच्या मोबाइलवर घड्याळ वेगळं चालतं."

तिनं मान डोलावली. रामलिंगला वाटलं, बाईला पटलं.

स्टुडिओ सांभाळणारा मिहिर स्वतःच्या कामावर भलताच खूश होता. न विचारता त्यानं अॅपचं सगळं पुराण सांगून टाकलं. लाइव्ह चालू असताना आई हाक मारते, पोरगं थांबवतं, जेवून येतं, राहिलं तिथून बघतं. कळलं नाही तर मागं नेतं. तेवढा वेळ लाल टिंब करडं होतं. ते दाबलं की पुन्हा सगळ्यांच्या बरोबर.

"आणि पुढं न्यायचं असलं तर?" गोदावरीनं सहज विचारलं.

मिहिर हसला. "मॅडम, जे अजून शिकवलंच नाही ते पुढं कसं नेणार? लाइव्हला पुढं नसतंच."

दुपारी दोघं होस्टेलवर गेले. गेटचं कुलूप जुन्या घाटाचं, मुठीएवढं होतं. गोदावरीनं रामलिंगला ते लावायला सांगितलं. त्यानं कडी दाबली, ती पुन्हा वर आली. चावी फिरवली तेव्हा कुठं बसली. तिनं त्याला तेच परत करायला लावलं. पुन्हा तसंच झालं.

"कुलूपच हाय बाई, त्यात काय बघायचं?" रामलिंग वैतागला. तिनं कुलूप परत गेटला लटकवलं.

इराच्या खोलीतली अपूर्वा हिमायतनगरची. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं सांगितलं ते असं: गौरम्मा खालून धावत आली, बाहेरून गेट हलवून ओरडली, माझ्या खोलीत खिळ्याला चावी आहे, आणा. अपूर्वानं चावी आणून जाळीतून तिच्या हातात दिली. गेट उघडलं, पण तोवर इरानं उडी टाकली होती.

"हादरा आला तेव्हा तू काय करत होतीस?"

"वेणी घालून राहिले होते. क्लास बघून झाला होता माझा."

"क्लास तर तासाभराचा. आणि हादरा मध्येच आला म्हणतात."

"मी उशिराच उठले, पण डबल स्पीडवर बघते ना सगळं. उरकून टाकलं." मग तिनं आवाज खाली आणला. त्या दिवशी दुसऱ्या एका क्लासची स्कॉलरशिपची परीक्षा होती. इरा आणि आणखी काही जणी चोरून जाणार होत्या. आदल्या रात्री ते सरांच्या कानावर गेलं होतं.

परतताना रामलिंग म्हणाला, "पोरगी हुशार हाय. सरांच्याबी पुढं जाती."

गोदावरीनं गाडी थांबवायला सांगितली आणि लातूरच्या फौजदारांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी सगळ्यांना सकाळीच होस्टेलच्या जिन्यावर बोलावलं. बोलावणं अचानक आलं, त्यामुळे सरांचे केस विस्कटलेले होते. मिहिर मागं उभा होता. गौरम्माला दोन पोलीस बायकांनी आणलं होतं. पहाटबॅचची वेळ नुकतीच झाली होती.

गोदावरी गेटजवळ उभी राहिली. "हे कुलूप चावी फिरवल्याशिवाय लागत नाही. काल रामलिंगनं दोनदा बघितलं. गौरम्मांची चावी जाळीच्या आत, खिळ्याला होती, आणि अपूर्वानं ती आतून बाहेर दिली. बाहेर दूध आणायला गेलेली बाई आत टांगलेल्या चावीनं बाहेरून कुलूप कसं लावणार? म्हणजे कुलूप दुसऱ्या चावीनं लागलं. ती चावी कुणाच्या खिशात होती, ते सरांनीच सांगितलंय."

"मी लाइव्ह होतो," सर म्हणाले.

"तुमच्या ग्लासातलं पाणी हललं नाही. लातूर हललं, औसा रोड हलला, पाणी तेवढं हललं नाही. माझ्या रामलिंगला तुमचं कौतुक वाटलं."

रामलिंगनं खाली बघितलं.

"मुलं थांबवतात, मागं नेतात, हे तुम्हीच सांगितलंत. खरंय. पण थांबवलं, मागं नेलं, तर माणूस मागं राहतो. लाइव्हच्या पुढं कुणालाच जाता येत नाही, हे मिहिरनंच सांगितलं. अपूर्वाचा क्लास मात्र हादऱ्याच्या आधीच संपला होता. उशिरा बसूनसुद्धा. जे तुम्ही अजून शिकवलंच नव्हतं, ते तिनं कसं बघितलं?"

गोदावरीनं अपूर्वाचा मोबाइल घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. पडद्यावर यज्ञेश सर इस्त्रीच्या शर्टात फळ्यासमोर उभे होते. कोपऱ्यात लाल टिंब लुकलुकत होतं.

"सर, तुम्ही आत्ता लाइव्ह आहात."

गोदावरीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि पुढं सरकवलं. ते सरकलं. अगदी शेवटपर्यंत सरकलं. पडद्यावरच्या सरांनी हात जोडले. "उद्या पुन्हा भेटू, लाइव्ह!"

मिहिरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं एका दमात सांगून टाकलं. रेकॉर्डिंग आठवड्याचं एकदम होतं, टिंब वरून चिकटवतात, आणि सोमवारी सर स्टुडिओत आलेच नव्हते.

"परीक्षा देऊन मुली दुसऱ्या क्लासला जाऊ नयेत म्हणून कोंडलंत," गोदावरी म्हणाली. "गौरम्मा दुधाला गेल्या आणि तुम्ही वर आलात."

"परीक्षा सुरू झाली की कुलूप काढणारच होतो," सर पुटपुटले. "मुलींच्या भल्यासाठीच."

"हादरा आला तेव्हा कुठं होतात?"

"जिन्यात."

"चावी?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. "मला वाटलं, इमारत पडेल. मी समोरच्या मैदानात पळालो."

"मुलींचं ओरडणं ऐकू येत होतं?"

सर म्हणाले, "येत होतं."

रामलिंग भिंतीला टेकला. खिशात चावी घेऊन मैदानात उभा राहिलेला माणूस त्याला डोळ्यांपुढं दिसत होता, आणि तोच माणूस आपल्या मोबाइलमध्ये आपल्या खांद्यावर हात टाकून हसतोय, हे आठवून त्याला स्वतःचाच खांदा नकोसा झाला. त्यानं तो फोटो काढून टाकला.

"सर," तो म्हणाला, "त्र्याण्णवला मला ढिगाऱ्यातनं ज्यानं काढलं, त्यो कोण व्हता मला आजून ठाऊक न्हाई. त्यालाबी वाटलंच असंल, इमारत पडंल म्हणून."

फौजदारांनी सरांकडून चावी काढून घेतली आणि त्यांना खाली नेलं. गौरम्माला तिथंच सोडलं.

तनुजानं आईला मिठी मारली. सुटलीस, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. गौरम्माचं तिकडे लक्षच नव्हतं.

"इरा कशी हाय?" तिनं विचारलं.

तिला हैदराबादला नेलंय, डॉक्टर अजून काही बोलत नाहीत, असं गोदावरीनं सांगितलं. गौरम्मा जिन्याच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

"चावी मी कमरंला का न्हाई खोचली, बाई?"

गोदावरी तिच्याशेजारी बसली. रामलिंगनं गेट पार भिंतीपर्यंत ढकललं आणि ते आपलं आपण सरकू नये म्हणून तिथंच हातानं धरून उभा राहिला.