बेडी कमरेलाच राहिली

मोताळ्याच्या बाजारात आमचा निवृत्तीदादा कुंभाराची मडकी उचलून आपटायला लागला, आणि मी जागच्या जागी थिजले.

"दारू पेला हाय! पोलिसाले बोलवा!" लोक ओरडले. दारूबंदीचे दिवस ते. गर्दीतून एक तरुण शिपाई आला... आणि आमचे बाबाच पुढं झाले.

"हाव साहेब, पेला हाय. टाका आत."

अगं आई! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दादानं उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. त्याच्या कानात कोणीतरी सारखं बोलायचं, तेवढंच. पण दारुड्याच्या बहिणीचं लग्न जमतं, वेड्याच्या बहिणीचं जमत नाही, हा बाबांचा हिशेब!

"खोटं!" मी भर बाजारात किंचाळले. "दादा आजारी हाय. त्याले डॉक्टर पाह्यजे!"

शिपायानं वाकून दादाच्या तोंडाचा वास घेतला. बेडी कमरेलाच राहू दिली आणि त्याचा हात धरला. "चाल भाऊ, दवाखान्यात जाऊ." दादा निमूट निघाला.

"नाव?" जाताना शिपायानं मला विचारलं.

"निवृत्ती."

"त्याचं नाही... तुमचं."

"माझं काऊन पाह्यजे?"

"खरं बोलणारं माणूस ध्यानात असलेलं बरं." वर हसला मेला!

"...चांगुणा."

मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं दादाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. बाबांनी माझ्याशी अबोला धरला. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा कुठं ते बोलले, "भाऊ इचारला, तं नाही म्हणजो."

पोह्यांच्या बशा घेऊन मी खाली मान घालून आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "भाऊ किती, बाई?"

बाबा खाकरले. मी खाली मानेनंच सांगितलं,

"एक. नागपूरले हाय... येड्याच्या दवाखान्यात."

बाबांनी कपाळावर हात मारला. मामा ताडकन उठले. "चाल रे दयाराम! येड्याच्या घरची सोयरीक नाही पाह्यजे."

"बसा मामा. मले माहीत हाय. मीच त्याले नेलं."

मी दचकून वर पाहिलं. अगं बाई — तोच! खाकी कपड्यांविना बाबांनी त्याला ओळखलंच नव्हतं. आता ते तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"परवा भेटून आलो," दयाराम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला. "सुधरून राह्यला. इचारत होता, चांगुणाच्या लग्नाले मले येऊ देतीन का? ...काय सांगू त्याले?"

मी पोह्यांची पहिली बशी त्याच्यापुढं ठेवली.

"सांगा... लवकर ये म्हणावं."