बावन्न अंश

पंच्याण्णव अंश.

एवढ्याला कॉम्प्युटर बंद पडायचा. चालू केल्यावर अकराव्या मिनिटाला. दोन कोअरचा नवाकोरा प्रोसेसर... आणि त्याच्याकडे बघत बसलेल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या चौदा मुली. २००७ साल. कापसाला भाव नाही, तरी बाबांनी हे मशीन घेऊन दिलं होतं. महिन्यावर मुलींची परीक्षा.

दारात एक मुलगा. खांद्याला बॅग, केसांत रुई.

"जिनिंग मिलचा वजनकाटा पलीकडे आहे," मी म्हटलं.

"मी जिनिंगचा नाही, मॅडम. यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरमधून. स्वानंद. तुमच्या गल्लीतून चालत आलो फक्त."

त्याने ब्लोअर काढला, मशीनच्या आतल्या पंख्यावर वरून जोरात हवा मारली. पंखा चकाचक.

"हे मॉडेल आमच्याकडेही नवीनच. तुमच्यावरच शिकून राह्यलो."

"माझ्यावर?"

"मशीनवर..." त्याचे कान लाल.

चौऱ्याण्णव अंश.

दुसऱ्या खेपेला त्याने पॉवर सप्लाय बदलला. मग वाट बघायची — अकरा मिनिटं. पडद्यावर आकडा चढतोय, आणि आम्ही दोघं रिकामे.

"तुमचं नाव... शाल्मली म्हणजे काय हो?"

"काटेसावर. लाल फुलांची."

"म्हणजे काटे आहेत."

"हात लावून बघणाऱ्याला कळतात."

मशीन बंद. त्याचं तोंड काही पडलं नाही. त्याने पुन्हा चालू केलं... पुन्हा... चार वेळा. आईने दोनदा चहा आणला आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून गेली.

निघताना तो बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिला. "अजून एक तक्रार आली ना, तर साहेब दिग्रसचं काम माझ्याकडून काढून घेतील. दुसरा कोणी येईल."

तक्रार केली, तर तो जाणार.

नाही केली, तर मुलींची परीक्षा...

तीन आठवडे मुलींच्या दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. मग एका दुपारी कॅबिनेट मीच उघडलं. पंख्याचे चार स्क्रू काढले.

खाली रुई. धातूच्या पात्यांमध्ये गादीसारखी दाबून बसलेली. त्याच्या ब्लोअरने वरची सगळी रुई आत ठासली होती. दिग्रसमध्ये रुई आमच्या चहात असते, केसांत असते. ती आपल्याला दिसतच नाही. जुन्या टूथब्रशने ती काढली.

बावन्न अंश.

दोन तास. बंद नाही.

आता बोलावायला कारणही उरलं नव्हतं. तरी फोन केला.

"तक्रार आहे का?" त्याचा आवाज बारीक.

"नाही. मशीन मी नीट केलं. तुमची चूक होती, साहेबांना सांगणार नाही."

"मग फोन... कायले केला?"

"तक्रार नसली तर यायचं नाही, असा नियम आहे का?"

"रविवारी नऊची एसटी आहे," तो म्हणाला.

रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट. बॅग नाही. केसांत रुई — तेवढी होतीच. खिशातून एक छोटी ट्यूब काढून त्याने टेबलावर ठेवली.

"प्रोसेसरवर लावायची पेस्ट. पात्यांचा ठोकळा काढला असशील तर लागेल, म्हणून..."

"नाही काढला. फक्त पंखा."

"मग काम नाही माझं."

"नाही."

तो उभाच. मी हात वर नेला, त्याच्या केसांतली रुई काढली. हळूच.

"बस ना," मी म्हटलं. "आज अकरा मिनिटांनी काही बंद पडणार नाही."