तिसरी वायर

मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात मालाची मोजणी करणाऱ्या गृहस्थांना सगळे शिल्लकराव म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. यादीपेक्षा एक नट कमी भरला तर त्यांची भुवईसुद्धा हलत नसे; एक नट जास्त भरला की मात्र अख्खं खोकं पालथं होई. "कमी भरलं तर कोणी नेलं एवढंच शोधायचं," ते म्हणत. "जास्त भरलं तर कोणी आणून ठेवलं, ते कसं शोधणार?"

असा माणूस विजेच्या सामानाच्या दुकानात दिव्याचा उजेड कमीजास्त करणारा डिमर घ्यायला उभा होता, त्याला कारण बायको. आठ महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला आणि तिला उजेड सोसेनासा झाला. डॉक्टर झाले, थेंब झाले, काळे चष्मे झाले. शेवटी ती सामानाच्या खोलीत, खिडकीला घोंगडी ठोकून राहू लागली. ताट दाराशी ठेवायचं, बोलायचं ते बंद दारातून. पहिले दोन महिने शिल्लकरावांना रडू यायचं. मग तेही थांबलं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तसं घर झालं होतं. उभं राहता यायचं, जाणवायचं काही नाही. ती बाहेरच्या खोलीत, आपल्या खुर्चीत येऊन बसावी, एवढी एकच गोष्ट त्यांना अजून हवी होती.

"बल्बही डिमरवर चालणारा घ्या," दुकानदार म्हणाला. "साधा लावलात तर फडफडेल, आणि वहिनी माझ्या नावाने खडे फोडतील."

"ती कोणाला काही म्हणत नाही."

"नशीबवान आहात!" दुकानदार हसला, मग गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याने आवरतं घेतलं. "मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून बघा. दोन वायरी निघतील. याला स्क्रू तीन आहेत, तिसरा मोकळा सोडा. तो जिन्यातल्या दिव्यासाठी असतो. एकच दिवा, दोन बटणं. खाली लावायचा, वर जाऊन बंद करायचा."

रविवारी सकाळी दहाला त्यांनी बाहेरच्या खोलीतलं जुनं बटण उघडलं. वायरी तीन निघाल्या. दोन काळवंडलेल्या, ठिसूळ. तिसरी पिवळी, तिचं तांब्याचं टोक कालच सोलल्यासारखं लखलखीत.

त्यांनी दुकानात फोन लावला.

"तीन? मग दुसरं बटण असेल घरात कुठेतरी."

"घरात अकरा बटणं आहेत. अकराही माझ्या ओळखीची आहेत."

"मग टेप गुंडाळा आणि ढकला आत. उगाच डोकं लावू नका."

डोकं लावलंच नाही त्यांनी. एक वायर शिल्लक, एक स्क्रू शिल्लक. बावीस वर्षांची सवय बोटांत होती. बोटांनीच जोडणी करून टाकली.

संध्याकाळी जाड पडदे ओढून त्यांनी डिमर दहापैकी चारवर ठेवला आणि तिचं दार वाजवलं. ती भिंत धरत धरत आली, खुर्चीत बसली. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, तुमचे केस पांढरे झाले की!"

"दारासमोर बसून बसून झाले."

ती हसली. कप घेऊन ते स्वयंपाकघरात गेले तेव्हा आपणही हसतो आहोत हे त्यांना नळाशी कळलं.

चौथ्या दिवशी ते भांडी विसळत असताना ती बाहेरून म्हणाली, "हां, आता अगदी बरोबर केलंत."

हात पुसत ते आले. डिमर चारवर होता. उजेड तीनचा होता.

व्होल्टेज पडलं असेल, असं त्यांनी ठरवलं. पण पंखा नेहमीच्याच वेगाने फिरत होता. पुढच्या आठवड्यात उजेड दोनवर आला, तोही एकदम नाही. कोणी झोपलेल्याच्या अंगावरून हळूच हात काढून घ्यावा तसा. शिल्लकरावांनी कपाटं सरकवली, माळा रिकामा केला, भिंती ठोकून पाहिल्या. तिसऱ्या वायरीची नळी उजवीकडे जात होती, बाहेरच्या भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्यांनी पाहिलं: सपाट गिलावा, आणि खाली तीन मजले हवा.

बायकोची तब्येत मात्र सुधारत होती. डोकं दुखत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. एका दुपारी तिने उकळता चहा, त्यांनी फुंकर घालायला सांगायच्या आत, घटाघट पिऊन टाकला.

"अगं, चटका नाही बसला?"

"कसला?"

तिची जीभ लाल झाली होती. ती शांतपणे कप न्याहाळत होती.

"ती वायर काढतो मी," शिल्लकराव म्हणाले.

"नको हो. तो किती सांभाळून करतो."

"तो कोण?"

विसरलेला शब्द आठवावा तशी ती थांबली. "तुम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मेन बंद केला. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात डिमर उघडला, टेस्टर लावला. वीज नव्हती.

पिवळ्या वायरीचा स्क्रू त्यांनी सैल केला. वायर ओढली. हातभर आली.

मग थांबली.

आणि पलीकडून, अगदी हलकेच, हातभर परत गेली.

त्यांनी ती भिंतीच्या तोंडाशी कापली. उरलेलं टोक नळीत सरपटत गेल्याचा आवाज आला. त्यांनी नळीच्या तोंडावर टेप लावला, डिमर बसवला, मेन चालू केला.

खुर्चीत ती समोरच बसली होती. तिने किंचाळावं, डोळे झाकावेत, पुन्हा त्या खोलीत पळून दार लावून घ्यावं, म्हणजे ती आहे हे तरी कळेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी डिमर दहावर नेला.

खोली पांढरी झाली. त्यांचेच डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत एवढ्या आशेने त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"किती वेळ लावताय? लावा ना आता दिवा."

ते तिच्यासमोर वाकले. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या काळोखात असाव्यात तशा मोठ्या होत्या. प्रत्येकीत एक बारकासा बल्ब दिसत होता. वरचा बल्ब झगझगत होता. तिच्या डोळ्यांतला मात्र, तिला त्रास होऊ नये अशा बेताने, हळूहळू कमी होत होता.